एम.एस्सी.चा एकच खरीप: शेतावरच्या पहिल्या प्रयोगाची आखणी

कृषी किंवा परिसंस्थाशास्त्रात एम.एस्सी.ला प्रवेश घेतलेल्या विद्यार्थ्याच्या हातात प्रत्यक्षात एकच खरीप असतो. अभ्यासक्रम चार सत्रांचा. सुरुवातीचा काळ विषय, मार्गदर्शक आणि सल्लागार समिती ठरण्यात जातो, शेवटचं सत्र प्रबंध लिहिण्यात. मध्ये जो पावसाळा येतो त्यातच प्रयोग बसवायचा. कृषी विद्यापीठ राहुरीचं असो, अकोल्याचं, परभणीचं की दापोलीचं, हे गणित फारसं बदलत नाही. त्यामुळे या लेखाचा मोठा भाग पेरणीच्या आधीच्या कामाबद्दल आहे. प्रबंधातल्या बहुतेक दुरुस्त न होणाऱ्या चुका पेरणीपर्यंत होऊन गेलेल्या असतात. त्या दिसतात मात्र आठ महिन्यांनी, आकडे संगणकात भरल्यावर.

उदाहरणासाठी सगळीकडे सोयाबीन घेतलं आहे. पीक दुसरं असेल तर आकडे बदला, क्रम तोच राहील.

आधी प्रश्न, मग ट्रीटमेंट

"सोयाबीनवरील किडींचा अभ्यास" हा विषय झाला, प्रश्न नव्हे. प्रश्न एका वाक्यात लिहिता आला पाहिजे आणि त्या वाक्यात चार गोष्टी दिसल्या पाहिजेत: काय बदलणार (हीच ट्रीटमेंट), काय मोजणार, कुठे आणि पिकाच्या कोणत्या अवस्थेत. दोन प्रश्न, गाव आणि पिकाची अवस्था तूर्त गाळून, शेजारी ठेवून पाहू.

पहिला: ५ टक्के निंबोळी अर्काच्या फवारणीने सोयाबीनवरच्या उंटअळ्या आणि स्पोडोप्टेराच्या अळ्या शिफारशीतल्या कीटकनाशकाइतक्या कमी होतात का?

दुसरा: बांधावर झेंडू आणि तिळाची पट्टी लावल्याने शेतातले किडी खाणारे जीव (ढालकिडे, क्रायसोपा आणि कोळी) वाढतात का?

दोन्ही चांगले प्रश्न आहेत, पण दोघांना एकाच आराखड्यात बसवता येत नाही. इथेच सर्वांत जास्त प्रबंध फसतात. अळी फारशी फिरत नाही, त्यामुळे पहिला प्रश्न पाच-सहा मीटर रुंदीच्या प्लॉटमध्ये तपासता येतो. ढालकिडा उडतो. पट्टी असलेल्या प्लॉटपासून वीस मीटरवर तुमचा "पट्टी नसलेला" प्लॉट असेल, तर त्या पट्टीवर वाढलेले किडे तिथेही जाणार. मग दोन्हींत फरक दिसत नाही आणि विद्यार्थी "पट्टीचा परिणाम नाही" असं लिहून मोकळा होतो. खरं तर परिणाम इतका असतो की तो कंट्रोलमध्येही, म्हणजे तुलनेसाठी ट्रीटमेंटशिवाय ठेवलेल्या प्लॉटमध्येही, पोचलेला असतो.

दुसऱ्या प्रश्नासाठी एकक म्हणजे आख्खं शेत. पट्टी असलेलं एक आणि नसलेलं एक अशा आठ-दहा जोड्या घ्याव्या लागतात. जोडीतली दोन्ही शेतं एकमेकांपासून काहीशे मीटर दूर, पण जमीन, वाण, पेरणीची तारीख आणि फवारणीच्या सवयी सारख्या. हे विद्यापीठाच्या प्रक्षेत्रावर होत नाही, गावात जावं लागतं. तेवढा प्रवास आणि वेळ नसेल तर पहिल्यासारखा प्रश्न निवडा. त्यात कमीपणा काही नाही.

एका पट्टीच्या शेतात पन्नास ठिकाणी मोजलं आणि बिनपट्टीच्या एका शेतात पन्नास ठिकाणी, तर नमुने शंभर झाले असं वाटतं. प्रत्यक्षात तुलना एका शेताची एका शेताशी आहे. दोन शेतांत पट्टीशिवाय आणखी शंभर गोष्टी वेगळ्या असू शकतात. परिसंस्थाशास्त्रात याला स्यूडोरेप्लिकेशन म्हणतात. स्टुअर्ट हर्लबर्ट यांनी १९८४ मध्ये या चुकीवर सविस्तर लिहिलं, तेव्हापासून परीक्षक पहिल्यांदा हेच शोधतात. कृषी प्रबंधांत तीच चूक वेगळ्या वेशात येते: एका प्लॉटमधली पाच झाडं पाच रेप्लिकेशन (त्याच ट्रीटमेंटच्या स्वतंत्र पुनरावृत्ती) म्हणून धरली जातात. पाच झाडांची सरासरी काढा. तो त्या प्लॉटचा एक आकडा.

किती ट्रीटमेंट, किती रेप्लिकेशन

आपल्याकडे ७ ट्रीटमेंट आणि ३ रेप्लिकेशन हा साचा इतका का दिसतो, याला कारण आहे. आरबीडी म्हणजे रँडमाइज्ड ब्लॉक डिझाइन: शेत ब्लॉकांत वाटायचं आणि प्रत्येक ब्लॉकमध्ये सगळ्या ट्रीटमेंट चिठ्ठ्या टाकून लावायच्या. त्यात एररची डिग्री ऑफ फ्रीडम (योगायोगाचा चढउतार किती भरवशाने मोजता येतो ते सांगणारा आकडा) म्हणजे ट्रीटमेंटमधून एक वजा, गुणिले रेप्लिकेशनमधून एक वजा. ६ गुणिले २ म्हणजे १२, आणि किमान १२ असावी असा संकेत आहे. ४ ट्रीटमेंट घेतल्या तर ५ रेप्लिकेशन लागतात: ३ गुणिले ४, पुन्हा १२.

पण १२ ही किमान पायरी आहे. किडींच्या मोजणीत एका प्लॉटमध्ये शून्य आणि शेजारच्यात नऊ अळ्या हे नेहमीचंच असतं, आणि तिथे तीन रेप्लिकेशन अपुरी पडतात. सात ट्रीटमेंटपैकी तीन बहुधा "असू दे" म्हणून घातलेल्या असतात. त्या काढून रेप्लिकेशन वाढवणं केव्हाही बरं. समितीसमोर हे मांडताना संकोच वाटतो, म्हणून मागच्या प्रबंधांतले त्याच किडीचे आकडे घ्या. कृषिकोश या भांडारात देशभरातल्या कृषी विद्यापीठांचे प्रबंध मिळतात. कंट्रोल प्लॉटमधल्या रेप्लिकेशनगणिक संख्या पाहिल्या की चढउतार किती असतो ते लगेच कळतं.

याच टप्प्यावर आणखी एक काम उरकून घ्या, जे जवळपास कोणी करत नाही. खोटे आकडे घालून संपूर्ण तक्ता भरा आणि विश्लेषण करून पाहा. कोणता स्तंभ लागणार, कोणता विसरला, कोणती तुलना या आराखड्यात होऊच शकत नाही, हे मे महिन्यात कळलं तर सुधारता येतं.

जागा आणि कागदावरचं गणित

जागा पाहायला गेलात की प्रक्षेत्रावरच्या जुन्या मजुरांना विचारा: गेल्या वर्षी इथे काय होतं, कोणतं तणनाशक मारलं, शेणखताचा ढीग कुठे असायचा, पाणी कुठे साचतं. शेणखताच्या जुन्या ढिगाची जागा नंतरही वर्षानुवर्षं हिरवीगार राहते आणि तिथे पडलेली ट्रीटमेंट विनाकारण पहिली येते. झाडाची सावली, विहिरीचा काठ, बैलगाडीची वाट टाळा.

उतार असेल तर ब्लॉक उताराला आडवे पाडा. म्हणजे एका ब्लॉकमधले सगळे प्लॉट एकाच पातळीवर येतात आणि वरच्या-खालच्या ओलाव्याचा फरक ब्लॉकांमध्ये जातो. उलटं केलं तर तो फरक ट्रीटमेंटमध्ये मिसळतो आणि पुढे कशानेही वेगळा होत नाही. ट्रीटमेंटच्या चिठ्ठ्या प्रत्येक ब्लॉकसाठी नव्याने टाका. पहिल्या ब्लॉकचा क्रम पुढे उतरवणं किंवा "दिसायला बरं" म्हणून कंट्रोल कडेला ठेवणं, दोन्ही चूक.

आता मापं. ओळींत ४५ सेंमी अंतर, १२ ओळी, म्हणजे रुंदी ५.४ मीटर. लांबी ५ मीटर. प्लॉट २७ चौरस मीटरचा. सात प्लॉट शेजारी आणि मध्ये एकेक मीटर वाट, लांबी साधारण ४४ मीटर. तीन ब्लॉक आणि मधल्या दीड मीटरच्या वाटा धरून रुंदी १८ मीटर. हे झाले आठ गुंठे. भोवती बॉर्डर धरून दहा गुंठे मागा.

एका प्लॉटचं सामान असं निघतं. बियाणं हेक्टरी ७५ किलो, तर प्लॉटला २०३ ग्रॅम. खताची मात्रा हेक्टरी ३० किलो नत्र, ६० किलो स्फुरद, ३० किलो पालाश धरली, तर प्लॉटला ८१ ग्रॅम नत्र म्हणजे १७६ ग्रॅम युरिया, १६२ ग्रॅम स्फुरद म्हणजे १६ टक्केवालं सिंगल सुपर फॉस्फेट १ किलो १२ ग्रॅम, आणि ८१ ग्रॅम पालाश म्हणजे १३५ ग्रॅम म्युरेट ऑफ पोटॅश. मात्रा तुमच्या विद्यापीठाच्या शिफारशीप्रमाणे घ्या, पण हिशेब असाच करा. स्फुरदाचा आकडा खताचा आकडा समजून थेट वजन करणं ही दरवर्षीची चूक आहे. सगळं आदल्या दिवशी वजन करून, प्लॉटचा क्रमांक लिहिलेल्या पिशव्यांत भरून ठेवा. पेरणीच्या सकाळी ढग आलेले असताना तराजू घेऊन बसायला वेळ नसतो.

बियाण्याची उगवण स्वतः तपासा. सोयाबीनचं टरफल नाजूक, पोतं आपटलं तरी उगवण घसरते. ओल्या गोणपाटात शंभर दाणे गुंडाळून ठेवा. सत्तरपेक्षा कमी उगवले तर बियाणं बदला.

परवानग्या

शेतकऱ्याच्या शेतात काम असेल तर लेखी संमती घ्या: किती जागा, किती दिवस, फवारणी कोण ठरवणार, नुकसान झालं तर काय. हे तोंडी ठेवलं की ऐन मोजणीच्या आठवड्यात शेतकरी सगळीकडे फवारून टाकतो, आणि त्याचं काही चुकलेलं नसतं. अभयारण्यात किंवा राष्ट्रीय उद्यानात नमुने घ्यायचे असतील तर वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ खाली वनविभागाची परवानगी लागते. तिला महिने लागतात, म्हणून सिनॉप्सिस (संशोधनाचा लेखी आराखडा) मंजूर होण्याची वाट न पाहता अर्ज करा. काही फुलपाखरं आणि भुंगेरे याच कायद्याच्या अनुसूचींत आहेत, ते जंगलाबाहेरही पकडता येत नाहीत. परदेशी सहकाऱ्याकडे नमुने पाठवायचे असतील तर जैवविविधता कायदा २००२ लागू होतो आणि चेन्नईच्या राष्ट्रीय जैवविविधता प्राधिकरणाशी पत्रव्यवहार करावा लागतो.

मातीचा नमुना

खत टाकण्याआधी, पेरणीच्या अगोदर, प्रत्येक ब्लॉकचा वेगळा नमुना घ्या. नागमोडी चालत आठ ते दहा जागा निवडा. वरचा पालापाचोळा बाजूला सारा, जमीन खरवडू नका. इंग्रजी व्ही अक्षरासारखा १५ सेंमी खोल खड्डा करा आणि त्याच्या एका बाजूची वरपासून खालपर्यंत दोन-तीन सेंमी जाडीची सारखी काप काढा. सगळी माती स्वच्छ गोणपाटावर एकत्र करा, चार भाग करा, समोरासमोरचे दोन टाकून द्या, उरलेले पुन्हा मिसळा. अर्धा किलो राहीपर्यंत हेच. खताच्या रिकाम्या गोणीवर माती पसरू नका. लोह-जस्ताची तपासणी करायची असेल तर गंजकी लोखंडी खुरपी वापरू नका, लाकडी किंवा स्टीलची घ्या.

माती सावलीत वाळवा, लाकडी खलबत्त्यात ढेकळं फोडा आणि २ मिमीच्या चाळणीतून काढा. काळी माती पूर्ण वाळू दिली तर दगडासारखी होते. थोडी दमट असतानाच हाताने मोडून ठेवली तर पुढचं काम सोपं जातं. सेंद्रिय कर्बासाठी त्यातला थोडा भाग आणखी बारीक, अर्ध्या मिमीच्या चाळणीतून काढावा.

सेंद्रिय कर्बाबद्दल थोडं सविस्तर, कारण इथे आकडे चुकून दुप्पट येऊ शकतात. वॉकली-ब्लॅक पद्धतीत एक ग्रॅम मातीत १० मिली १ नॉर्मल पोटॅशियम डायक्रोमेट आणि २० मिली तीव्र गंधकाम्ल घालून अर्धा तास ठेवतात, मग पाणी घालून फेरस अमोनियम सल्फेटने टायट्रेशन करतात. या पद्धतीत कर्बाचं पूर्ण ऑक्सिडेशन होत नाही, साधारण ७७ टक्के होतं असं धरून १.३ ने गुणतात. काही प्रयोगशाळा हा गुणक लावतात, काही लावत नाहीत. दोन प्रयोगशाळांचे आकडे एकाच तक्त्यात टाकण्याआधी विचारून घ्या. खारवट जमिनीत क्लोराइडमुळे आकडा फुगतो. आणि आजकाल सोपं म्हणून नमुने ज्या स्वयंचलित ज्वलन यंत्रावर पाठवतात, ते मातीतला सगळाच कर्ब मोजतं. मराठवाड्या-विदर्भातल्या काळ्या जमिनी चुनखडीयुक्त; चुनखडीतला कर्बही त्यात मोजला जातो आणि जमीन कागदावर भलतीच सुपीक दिसते. तिथे आधी आम्लाने चुनखडी काढावी लागते किंवा ती वेगळी मोजून वजा करावी लागते. डायक्रोमेटचं उरलेलं पाणी बेसिनमध्ये ओतू नका, क्रोमियमचा कचरा वेगळ्या कॅनमध्ये साठवा.

आखणी आणि पेरणी

काटकोनासाठी टेपने ३, ४ आणि ५ मीटरचा त्रिकोण जुळवा. मोठ्या जागेत ६, ८, १० घ्या, चूक कमी होते. कोपऱ्यांवर खुंट्या, रेषांवर फक्की. खुंट्या जनावरांच्या पायाने पडतात आणि सरपणालाही जातात, म्हणून प्रत्येक ब्लॉकचे दोन कोपरे विजेच्या खांबासारख्या कायमच्या दोन खुणांपासून मोजून वहीत लिहून ठेवा. मोबाइलच्या जीपीएसवर विसंबू नका. त्याची काही मीटरची चूक म्हणजे तुमचा निम्मा प्लॉट.

७५ ते १०० मिमी पाऊस झाल्यावरच पेरा. सगळे ब्लॉक एका दिवसात होत नसतील तर ब्लॉक पूर्ण करून थांबा, अर्धा सोडू नका. नांग्या (न उगवल्याने राहिलेल्या मोकळ्या जागा) आठवड्याच्या आत भरा, उशिरा भरलेली रोपं मागेच राहतात. पाऊस मोजायला प्लॉटजवळ साधं पर्जन्यमापक ठेवा, कारण वेधशाळा दोन किलोमीटरवर असली तरी श्रावणातली सर तिथे पडतेच असं नाही. हवामानाचे आकडे प्रमाण आठवड्यांप्रमाणे, म्हणजे हवामान नोंदींसाठी ठरलेल्या वर्षाच्या क्रमवार आठवड्यांप्रमाणे, लिहायचे. ११ ते १७ जून हा २४वा आठवडा.

किडी मोजणं

कडेच्या ओळी सोडून प्रत्येक प्लॉटमध्ये तीन जागी एकेक मीटर ओळ मोजा. दोन ओळींमध्ये पांढरं कापड हळूच पसरा, झाडं कापडावर वाकवून झटका द्या, पडलेल्या अळ्या मोजा. वेळ सकाळी साडेसहा ते नऊ. ऊन चढलं की स्पोडोप्टेराच्या मोठ्या अळ्या पानांखाली आणि ढेकळांत लपतात, ढालकिडे उडू लागतात. पहिला ब्लॉक सातला आणि तिसरा अकराला मोजला तर तिसऱ्यात किडी कमीच दिसणार. मोजणारे दोघे असतील तर ब्लॉक वाटून घ्या, ट्रीटमेंट वाटू नका. एकाची नजर दुसऱ्यापेक्षा तीक्ष्ण असतेच; तो फरक ब्लॉकमध्ये गेला तर चालतो.

फवारणीच्या आदल्या दिवशी एक मोजणी, नंतर तिसऱ्या, सातव्या आणि चौदाव्या दिवशी. निंबोळी अर्कासाठी ५ किलो निंबोळी पावडर १०० लिटर पाण्याला, रात्रभर भिजवून गाळलेली. हेक्टरी ५०० लिटर पाणी धरलं तर प्लॉटला १.३५ लिटर लागतं. तीन प्लॉटांसाठी ५ लिटर म्हणजे २५० ग्रॅम पावडर पुरे. फवारणी संध्याकाळी करा, उन्हात अझाडिरॅक्टिन (निंबोळीतलं किडींवर चालणारं द्रव्य) लवकर निकामी होतं. कंट्रोलवर साधं पाणी मारा. त्याआधी कोऱ्या जागेवर पाण्याने चालून पंपाचा वेग बसवा, नाहीतर पहिल्या प्लॉटला दोन लिटर आणि शेवटच्याला उरलेलं जातं. क्रम पाणी, निंबोळी, मग रसायन. पंप शक्यतो वेगळे. वारा असेल तर त्या दिवशी फवारणी नाही. हातमोजे, मास्क, पूर्ण बाह्या यांत सूट नाही. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारताना झालेल्या विषबाधा आठवाव्यात.

जमिनीवरचे शिकारी भुंगेरे आणि कोळी मोजायला पिटफॉल सापळा लागतो. दिसायला तो पुरलेला प्लास्टिकचा पेला, पण बिघडण्याच्या वाटा पुष्कळ. पेल्याची कड मातीशी अगदी समपातळीत हवी. दोन मिमी वर राहिली तरी लहान किडे तिथून वळतात. काळी माती पावसाने फुगली की पेला वर ढकलते, वाळली की कडेभोवती भेग पडते. म्हणून बाहेर पीव्हीसी पाइपचा तुकडा कायमचा पुरा आणि पेला त्यात बसवा. पेला काढताना आजूबाजूची माती हलत नाही. वर तीन खिळ्यांवर दोन-तीन सेंमी उंच ताटली ठेवा, कडेखाली दोन सेंमीवर बारीक भोकं पाडून जाळी लावा, म्हणजे पाणी शिरलं तरी किडे वाहून जात नाहीत. आत एकतृतीयांश साबणाचं पाणी. ४८ तासांहून जास्त ठेवायचा असेल तर मिठाचं संपृक्त पाणी. गाडीच्या कूलंटमधलं इथिलीन ग्लायकॉल वापरू नका, ते गोड लागतं आणि कुत्री-जनावरं पिऊन मरतात.

पुरल्यानंतर पहिले काही दिवस माती उकरल्यामुळे किडे जास्त सापडतात. आठवडाभर झाकण लावून ठेवा, मग उघडा. आणि प्रबंधात "घनता" लिहू नका. सापळ्यात किती पडले हे किडे किती आहेत आणि किती फिरतात, या दोन्हींवर अवलंबून असतं. स्वच्छ निंदलेल्या प्लॉटमध्ये भुंगेरे जास्त सापडले याचा अर्थ तिथे अडथळे कमी, इतकाही असू शकतो.

नमुने आणि ओळख

आकारावरून ओळखायचे नमुने ७० टक्के इथेनॉलमध्ये. डीएनए काढायचा असेल तर ९५ टक्क्यांहून जास्त आणि फ्रीजरमध्ये. कोळी कायम इथेनॉलमध्येच, टोचलेला कोळी सुकून ओळखीपलीकडे जातो. भुंगेऱ्याला सुई उजव्या पंखकवचातून. चिठ्ठी बाटलीच्या आत, पेन्सिलने लिहिलेली. बॉलपेनची शाई इथेनॉलमध्ये विरघळते आणि बाहेर चिकटवलेली चिठ्ठी सांडलेल्या थेंबानेच निघते. चिठ्ठीवर गाव, तालुका, जिल्हा, अक्षांश-रेखांश, तारीख, पीक, पद्धत, गोळा करणाऱ्याचं नाव.

जातीपर्यंत ओळख स्वतः पटवण्याचा हट्ट नको. आधी नमुने दिसतील तसे गट करून क्रमांक द्या, मग प्रत्येक गटातले चार-पाच चांगले नमुने तज्ज्ञाकडे पाठवा. बंगळुरूचा राष्ट्रीय कृषी कीटक संसाधन ब्यूरो आणि पुण्यात आकुर्डीचं भारतीय प्राणी सर्वेक्षणाचं केंद्र ही त्यासाठीची ठिकाणं. वनस्पतींसाठी पुण्यातच भारतीय वनस्पती सर्वेक्षणाचं केंद्र आणि आघारकर संशोधन संस्था. आधी पत्र, मग पार्सल. उत्तराला वेळ लागतो, म्हणून नमुने हंगाम संपायची वाट न पाहता पाठवा.

आकड्यांची वही

शेतात पेन्सिल आणि जाड वही, मोबाइल नको. पावसात ओली बोटं स्क्रीनवर चालत नाहीत. त्याच संध्याकाळी पानाचा फोटो काढा आणि संगणकात भरा. एक ओळ म्हणजे एका दिवशी एका प्लॉटमधलं एक निरीक्षण. सेल एकत्र करू नका, रंगांत माहिती लपवू नका. "किडी नव्हत्या" म्हणजे शून्य, "मोजलं नाही" म्हणजे रिकामं; या दोन्हींची सरमिसळ झाली की नंतर कोणालाच उलगडत नाही. तारीख वर्ष-महिना-दिवस अशी लिहा. एक्सेल ३-४ असं लिहिलेलं निमूटपणे ३ एप्रिल किंवा ४ मार्च करून टाकतं. मूळ फाइल एकदा भरली की तिला हात नाही, दुरुस्त्या प्रतीत.

रोही किंवा रानडुकरांनी प्लॉट तुडवला तर त्याच दिवशी फोटो काढून नोंद करा आणि तो आकडा गहाळ म्हणून सोडा. शेजारच्या प्लॉटवरून अंदाजाने भरलेला आकडा अनुभवी परीक्षकाला लगेच दिसतो.

काढणी

दोन्ही कडांची एकेक ओळ आणि दोन्ही टोकांचा अर्धा मीटर आधी कापून बाजूला करा. उरतात १० ओळी, ४ मीटर लांब: १८ चौरस मीटर. शेंगांचा रंग ९०-९५ टक्के पालटला की कापा. सोयाबीन उशीर झाला की तडकतं, आणि लवकर पिकलेल्या ट्रीटमेंटमधलं जास्त तडकतं, म्हणजे तोटा सगळ्यांना सारखा होत नाही.

वजनाबरोबर ओलावा मोजा. समजा प्लॉटचं धान्य ३.६ किलो, ओलावा १६ टक्के. १२ टक्क्यांवर आणायला ३.६ ला ८४ ने गुणून ८८ ने भागा: ३.४४ किलो. हेक्टरला आणायला १०,००० भागिले १८, म्हणजे ५५५.६ ने गुणा: साधारण १९.१ क्विंटल. ओलाव्याची दुरुस्ती न करता तोच आकडा २० क्विंटल येतो, आणि ट्रीटमेंटमधला फरक पुष्कळदा तेवढाच असतो.

विश्लेषण

साध्या आरबीडीसाठी हिसारच्या हरियाणा कृषी विद्यापीठाचं ओपीस्टॅट किंवा गोव्यातल्या केंद्रीय किनारी कृषी संशोधन संस्थेचं वास्प हे सॉफ्टवेअर पुरतं. किडींच्या संख्येला वर्गमूळ घेऊन, म्हणजे संख्येत अर्धा मिळवून वर्गमूळ काढून, एनोव्हा (फरक ट्रीटमेंटमुळे की योगायोगाने, हे तपासणारं विश्लेषण) करण्याची आपल्याकडची रीत आहे. समिती ती मागते, ती द्या. पण शून्यं जास्त असतील तर आर या मोफत प्रणालीत निगेटिव्ह बायनॉमियल मॉडेल (फार चढउतार असलेल्या मोजणीच्या आकड्यांसाठीचं) वापरून पाहा. शेतांच्या जोड्यांचा आराखडा असेल तर जोडी हा रँडम घटक धरलेलं मिश्र मॉडेल, म्हणजे जोड्याजोड्यांमधला फरक वेगळा काढणारं, लागतंच.

एकाच प्लॉटची तिसऱ्या, सातव्या आणि चौदाव्या दिवसाची मोजणी म्हणजे तीन स्वतंत्र रेप्लिकेशन नव्हेत. प्रत्येक दिवसाचं वेगळं विश्लेषण करा किंवा वेळेचा विचार करणारं मॉडेल घ्या. सात ट्रीटमेंटमध्ये २१ जोड्या होतात. पाच टक्के पातळीवर त्यातली एखादी केवळ योगायोगाने वेगळी दिसते. म्हणून एफ-टेस्ट (एनोव्हातली एकंदर फरकाची चाचणी) सार्थ नसेल तर सीडी (क्रिटिकल डिफरन्स, दोन सरासऱ्या वेगळ्या मानायला लागणारा किमान फरक) लावून ट्रीटमेंटना वेगळेपणाची अक्षरं वाटत बसू नये. फरक नाही असं निघालं तर तसंच लिहा, सोबत सरासरी आणि एरर द्या. पुढच्या विद्यार्थ्याला रेप्लिकेशन ठरवायला तेच आकडे लागणार आहेत.

प्रबंध

साहित्य आणि पद्धती हे प्रकरण काढणीच्या आधी लिहा, सगळं आठवत असताना. युजीसीच्या २०१८ च्या नियमांनुसार १० टक्क्यांपर्यंतचं साम्य दंडाशिवाय चालतं, पण बरंचसं साम्य याच प्रकरणात येतं, कारण जुन्या प्रबंधातली वाक्यं जशीच्या तशी उचललेली असतात. सोबत जुनी चूकही उचलली जाते: दुसऱ्याच्या प्लॉटचं माप, दुसऱ्याच्या पंपाची क्षमता. शोधनिबंध पाठवताना दोन दिवसांत स्वीकृती आणि लगेच शुल्क मागणाऱ्या नियतकालिकांपासून दूर राहा. मार्गदर्शकाला विचारून विषयातल्या सोसायटीचं नियतकालिक निवडा.

विभाग सोडण्याआधी मूळ वही, आकड्यांची फाइल आणि स्तंभांचा अर्थ सांगणारं एक पान मार्गदर्शकाकडे द्या. ओळख पटलेले नमुने चिठ्ठ्यांसह विभागाच्या संग्रहात जमा करा आणि तिथे मिळालेले क्रमांक प्रबंधाच्या परिशिष्टात छापा.